डिलिव्हरी रायडरचं मत एकदम का फिरतं, स्टोअर आठवड्यात का रिकामं होतं: मॉडेल कसं बांधावं?

मोजपट्टी (धागाकर्ता)

डिलिव्हरीच्या धंद्यात गळती मोजायची रीत अजून कारखान्यातलीच आहे. महिन्यात किती गेले, भागिले किती होते. त्यावर एक सरळ रिग्रेशन (एक आकडा बदलला की दुसरा किती बदलतो ते काढणारी रेषा) चढवायचं, "ऑर्डरमागे रुपया कमी केला तर गळती अमुक टक्के वाढते" असा आकडा काढायचा आणि रेट कार्ड (रायडरच्या मोबदल्याचा तक्ता) बदलायचं. छोट्या बदलांना हा आकडा बरा उतरतो. मोठा बदल आला की तोंडावर आपटतो.

उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलंच घेऊ. एप्रिल २०२३, दिल्ली-एनसीआर, ब्लिंकिट. ऑर्डरमागे ठराविक २५ रुपयांच्या जागी किमान १५ आणि पुढे अंतराप्रमाणे, असा दर आला. रायडर लॉगआऊट झाले, बरीच डार्क स्टोअर (फक्त ऑनलाइन ऑर्डरींसाठीची गोदामवजा दुकानं) काही दिवस बंद राहिली. ब्लिंकिटची मालक असलेल्या झोमॅटोच्या त्या तिमाहीच्या शेअरहोल्डर पत्रातही या व्यत्ययाचा उल्लेख आहे. दर कमी झाला म्हणून थोडे थोडे रायडर गळाले, असं तिथे झालं नाही. स्टोअर एक तर चालू राहिलं किंवा बंद पडलं, मधली अवस्था फार थोडी.

या धाग्यात एका स्टोअरपुरतं, शे-सव्वाशे आयडींचं (रायडरच्या ॲप खात्यांचं) मॉडेल बांधू. कंपनी बरोबर की रायडर बरोबर हा वाद इथे नको. त्याचे धागे वेगळे आहेत आणि ते कधी संपत नाहीत.

पाया म्हणून समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटरचं १९७८ चं उंबरठा मॉडेल घेतो. प्रत्येक रायडरचा एक उंबरठा: "इतके टक्के लॉगआऊट झालेले दिसले की मीही होणार." समजा १०० रायडर आहेत, उंबरठ्यांची सरासरी २५, वितरण नॉर्मल. प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) १२ असेल तर साखळी साधारण ४ जणांवर थांबते. १३ केलं की जवळपास सगळे बाहेर. कडेलोट १२.२ च्या आसपास आहे, तिथे ६ वरून थेट शंभराजवळ उडी जाते. एक्सेलमध्येही दहा मिनिटांत करून बघता येतं: आत्ता किती बाहेर आहेत तो आकडा नॉर्मडिस्टमध्ये (नॉर्मल वितरणाचं फलन) घाला, येईल तो पुन्हा घाला, आकडा थांबेपर्यंत.

यात सरासरी जागची हललेली नाही, फक्त पसारा वाढलाय. "सरासरी समाधान ३.९ वरून ३.८" असल्या डॅशबोर्डावर हे दिसणार नाही. आणि अंतरावर आधारलेलं रेट कार्ड नेमका पसाराच वाढवतं. ठराविक २५ मध्ये सगळे एकाच होडीत होते. नव्या दरात सोसायट्यांना खेटून असलेल्या स्टोअरचा रायडर आणि शहराच्या कडेच्या स्टोअरचा रायडर वेगळे झाले. एकाच स्टोअरमध्ये सकाळी दूध-ब्रेडच्या जवळच्या ऑर्डरी मारणारा आणि रात्री लांब जाणारा, हेही वेगळे झाले.

अर्धविराम

पाया ठीक, पण उंबरठा ज्या कमाईवर ठरतो ती कमाई आधी नीट काढा. बहुतेक जण ऑर्डर गुणिले दर करून मोकळे होतात. क्विक कॉमर्समध्ये (काही मिनिटांत घरपोच देण्याच्या धंद्यात) रायडर स्टोअरला परत येतो आणि येतानाचं पेट्रोल त्याच्याच खिशातून जातं.

गाडी लिटरला ४० किमी देते आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर किमीला २ रुपये ६० पैसे पडतात. दीड किमीची ऑर्डर म्हणजे जाऊन-येऊन ३ किमी, ७ रुपये ८० पैसे. २५ रुपयांत हातात १७.२० राहत होते. जवळच्या ऑर्डरला फक्त किमान दर मिळाला असं धरलं तर १५ मध्ये ७.२० राहतात. कंपनीच्या कागदावर ४० टक्के कपात, रायडरच्या खिशात ५८ टक्के. मॉडेलमध्ये ४० टाकलेत तर उंबरठे चुकीच्या जागी बसतील आणि मग "लोक इतके का चिडले, कळत नाही" असा निष्कर्ष निघेल.

भागाकारात लॉगिनचे सगळे तास घ्या, स्टोअरबाहेर कट्ट्यावर बसलेला वेळसुद्धा. इलेक्ट्रिक गाडी भाड्याने घेतलेल्यांना पेट्रोल नाही, पण रोजचं भाडं ठरलेलं. त्यांची कमाई ऑर्डरी कमी झाल्या की जास्त वेगाने पडते. तो गट वेगळाच धरा.

नाका_तीन

कमाई झाली, आता "गेला" कोणाला म्हणायचं ते ठरवा. इथे राजीनामा नसतो. माणूस ॲप उघडत नाही, एवढंच. "सलग १४ दिवस लॉगिन नाही म्हणजे गेला" हा नियम सगळीकडे दिसतो आणि तो सरळ चुकीचा आहे.

गणपती, दिवाळी, छठ, होळी, जूनमधली पेरणी. या दिवसांत रायडर गावी जातात आणि परत येतात. पुण्यातल्या स्टोअरमध्ये मराठवाडा-विदर्भातली पोरं एका वेळी जातात, बिहार-यूपीची दुसऱ्या वेळी. एकच हंगामी दुरुस्ती सगळ्यांना लावली तर दोन खोट्या लाटा दिसतात.

दुसरं, एका फोनवर दोन-तीन ॲप असतात. तुमच्या डेटात गेलेला माणूस समोरच्या फुटपाथवर दुसऱ्या रंगाचा टी-शर्ट घालून उभा असतो. स्टोअरच्या दोन किमीत दुसऱ्या कंपन्यांची किती स्टोअर आहेत हा आकडा मॉडेलमध्ये हवाच. बाहेर पडणं किती स्वस्त आहे ते त्यावर ठरतं.

तिसरं, आयडी एकाची आणि चालवणारा चुलतभाऊ. आयडी दोन वर्षं जुनी दिसते, माणूस तिसरा असतो. लॉगिनच्या वेळा, फोनचं मॉडेल आणि नेहमीचे तास एकदम बदलले की माणूस बदलला असं धरून त्या आयडीचं वय शून्यापासून मोजा.

सरासरीताई

नाका_तीन, १४ दिवसांबद्दल शंभर टक्के सहमत. उपाय तयार आहे आणि तो मार्केटिंगवाल्यांकडे आहे. ग्राहक न सांगता गायब होतो तेव्हा "तो अजून आहे का" याची संभाव्यता काढायला बीजी-एनबीडी मॉडेल वापरतात (फेडर, हार्डी आणि ली, २००५). रायडरला जसंच्या तसं लागू पडतं. लागतं फक्त: पहिला दिवस, किती दिवस काम केलं, शेवटचा दिवस. महिन्याला २६ दिवस येणारा ९ दिवस गप्प असेल तर तो बहुधा गेला. फक्त शनिवार-रविवार येणारा ९ दिवस गप्प असेल तर काहीच कळत नाही.

पण ते मॉडेल धरून चालतं की माणूस "असेपर्यंत" त्याच्या येण्याचा वेग तोच राहतो. गावी जाणं त्यात बसत नाही, ते दिवस आधी काढून टाकावे लागतात.

किती विषम लोकसंख्या आहे हेही लक्षात घ्या. झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी २०२६ च्या सुरुवातीला सांगितलेले झोमॅटोचे आकडे बघा: २०२५ मध्ये सरासरी पार्टनरने वर्षात ३८ दिवस काम केलं आणि २५० पेक्षा जास्त दिवस करणारे २.३ टक्के. ३८ भागिले ३६५ म्हणजे वर्षभरातल्या एकूण आयडींपैकी कोणत्याही एका दिवशी सुमारे दहावा हिस्सा रस्त्यावर. आणि ते २.३ टक्के लोक कामाच्या एकूण दिवसांपैकी निदान १५ टक्के दिवस भरतात (२.३ × २५० भागिले ३८००). तुम्ही मंगळवारी दुपारी स्टोअरबाहेर जे बघता ते "सरासरी पार्टनर" नव्हेत, ते जुने लोक. वार्षिक गळतीची टक्केवारी या धंद्यात जवळपास निरर्थक आहे. जुने किती हलले ते वेगळं मोजा.

हॅझार्ड (आजपर्यंत टिकलेला आता जाण्याचा धोका) काढताना अजून एक. आठवड्याचा हिशोब खात्यात पडतो त्याच्या दुसऱ्या दिवशी आणि जॉइनिंग बोनसचा टप्पा पूर्ण होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी सुळके दिसतात. त्यांचा मताशी संबंध नाही, लोक पैसे पदरात पडायची वाट बघतात. कॉक्स मॉडेलमध्ये (हा धोका कशाकशावर ठरतो ते काढणारं) "टप्प्याला किती ऑर्डरी उरल्या" हे बदलतं चल टाका, सुळके बसतात.

दीर्घवृत्त

उंबरठा मॉडेलची एक अडचण: ते एकाच दिशेने जातं. बाहेर पडलेले परत कधी येतात हे ते सांगत नाही, आणि धंद्याला खरा प्रश्न तोच असतो. त्यासाठी ब्रॉक आणि डर्लॉफ या अर्थतज्ज्ञांच्या पद्धतीचं समीकरण घ्या. मराठीत लिहितो:

क = टॅनएच (प + ज × क)

क म्हणजे स्टोअरचा कल, −१ सगळे निघणार, +१ सगळे राहणार. प म्हणजे इथली तासाची निव्वळ कमाई वजा पर्यायी कामाची, एका मोजपट्टीने भागलेली. ज म्हणजे एकमेकांच्या वागण्याचा जोर. टॅनएच हे −१ ते +१ मध्येच राहणारं एस आकाराचं फलन.

ज १ किंवा त्याहून कमी असेल तर उडी नाही, सगळं घसरत घसरत होतं. ज १.५ घ्या. प शून्य असताना दोन स्थिर अवस्था मिळतात: एकात ९३ टक्के राहणारे, दुसऱ्यात ७ टक्के. वरच्या अवस्थेतून प हळूहळू कमी करत नेला तर −०.२१ पर्यंत स्टोअर टिकतं, तिथेही ७९ टक्के लोक राहणारेच असतात. त्याच्या जरा खाली गेलात की थेट ४ टक्के. आणि परत वर आणायचं असेल तर शून्यावर येऊन भागत नाही, +०.२१ च्या पलीकडे जावं लागतं. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात.

मोजपट्टी ४० रुपये धरली तर स्टोअर पर्यायापेक्षा तासाला ८ रुपये कमी झाल्यावर कोसळतं आणि ८ रुपये जास्त दिल्यावर सावरतं. जुना दर परत लावला तरी लोक का येत नाहीत त्याचं उत्तर या १६ रुपयांत आहे.

ही ४० येते कुठून? वैयक्तिक डेटावर राहिला/गेला असं लॉजिट (हो/नाही निकालासाठीचं रिग्रेशन) चालवा. रुपयामागे गुणक ०.०५ आला तर मोजपट्टी २ भागिले ०.०५, म्हणजे ४०. वरचा २ विसरू नका. टॅनएच आणि लॉजिस्टिकमध्ये दुपटीचा फरक आहे आणि तो विसरला की हिस्टेरेसिसची रुंदी निम्मी येते.

कस्प कॅटस्ट्रॉफीवाले (हळू बदलातून अचानक उडी कशी येते याच्या गणिती सिद्धांताचे) हेच दुसऱ्या शब्दांत सांगतात. शेरिडन आणि एबलसन यांनी १९८३ मध्ये नर्सिंग कर्मचाऱ्यांच्या गळतीवर ते लावलं होतं, कामाचा ताण आणि संस्थेशी बांधिलकी हे दोन नियंत्रक धरून. आर या सांख्यिकीच्या भाषेत कस्प नावाचं पॅकेज २००९ पासून आहे.

सरासरीताई

कस्पबद्दल एक हात आखडता घ्या. ते पॅकेज दोन शिखरं असलेल्या कुठल्याही डेटावर खूश होतं. आपल्या डेटात दोन शिखरं आधीपासूनच आहेत, पूर्णवेळवाले आणि पार्टटाइमवाले. त्याला कॅटस्ट्रॉफी म्हणणं म्हणजे दोन गटांच्या मिश्रणाला सिद्धांताचं नाव देणं. गट वेगळे करून मग बसवा, आणि साध्या लॉजिस्टिक वक्राशी बीआयसीवर (जास्त पॅरामीटरना दंड लावणारा निकष) तुलना करा. तिथे जिंकला तरच कस्प.

त्याहून मोठी पंचाईत ज ची आहे. "शेजारी गेले म्हणून हा गेला" आणि "दोघांनाही तेच रेट कार्ड लागलं म्हणून दोघे गेले" हे साध्या रिग्रेशनमध्ये वेगळं करता येत नाही. अर्थतज्ज्ञ मॅन्स्कीने १९९३ मध्ये हे मांडलं. स्टोअरची सरासरी गळती चल म्हणून टाकली की ज हमखास फुगलेला येतो. फुगल्याने काय होतं ते दीर्घवृत्तच्या गणितातच बघा: ज १.५ ऐवजी १.२ निघाला तर कडेलोट ०.२१ वर नाही, ०.०६ च्या आत येतो. ८ रुपयांच्या जागी सव्वादोन रुपये. पूर्ण धोरण बदलतं.

सुटकेची वाट म्हणजे रेट कार्ड सगळीकडे एकाच दिवशी लागत नाही. स्टोअर अ ला सोमवारी लागलं, शेजारच्या ब ला पुढच्या सोमवारी. मधल्या आठवड्यात ब मधले असे रायडर शोधा जे अ मध्येही अधूनमधून लॉगिन करतात. त्यांचा दर बदललेला नाही, फक्त कानावर पडलंय. त्यांच्या आणि ब मधल्या इतरांच्या वागण्यातला फरक हा ज चा त्यातल्या त्यात स्वच्छ अंदाज. तोही थोडा फुगलेलाच, कारण "पुढच्या आठवड्यात आपली पाळी" हे त्यांना कळलेलं असतं.

अर्धविराम

सगळे मताच्या मागे लागलेत. या धंद्यात मत नसतानाही उडी येते. पीकच्या (सर्वाधिक गर्दीच्या) तासाला ९० ऑर्डरी आणि ४० रायडर धरा. प्रत्येकाला सव्वादोन. सहा जण गेले, ३४ उरले, प्रत्येकाला २.६५. म्हणजे लोक गेल्यावर उरलेल्यांची कमाई वाढते! गळती स्वतःला आवर घालते. उंबरठा मॉडेलच्या अगदी उलटं.

हे ३० पर्यंत चालतं, एका रायडरला तासाला ३ ऑर्डरी झेपतात असं धरलं तर. २७ वर आलात की तासाला ९ ऑर्डरी तुंबतात. मग ॲप वेळ वाढवून दाखवतं, त्रिज्या कमी करतं, शेवटी स्टोअर बंद दाखवतं. ऑर्डरी शून्य. आता थांबायची इच्छा असलेल्यालाही थांबून उपयोग नाही. आवर घालणारा फीडबॅक एका झटक्यात ढकलणारा होतो.

म्हणून प हा स्थिर आकडा ठेवू नका. तो लॉगिन संख्येचं फलन करा: ४० ते ३० चढता, ३० खाली कोसळता. मग दिसतं की ४० वरून ३२ रायडरवर आणलेलं "काटकसरी" स्टोअर जास्त ठिसूळ आहे, दर तोच असला तरी. आणि गळतीच्या पहिल्या दोन दिवसांत तासाची सरासरी कमाई वाढलेली दिसते. डॅशबोर्ड हिरवा. तो हिरवा रंग बघून कोणी निश्चिंत झालं तर आश्चर्य नाही.

अवांतर: "ऑर्डर उचलली, म्हणजे संप फसला" असं सांगणारे आकडे याच कारणाने जपून वाचावेत. थोडे जण जास्त ऑर्डरी मारत असतात.

नाका_तीन

+१. आता मत मोजायचं कसं? ॲपमधल्या सर्व्हेवर पाणी सोडा. तो आयडीला जोडलेला आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पॉपअप घालवायला पाच स्टार दाबतात. टीएल (टीम लीडर) समोर "सब ठीक है सर" आणि मागे वेगळं. मनातलं आणि ओठावरचं यातलं हे अंतर मॉडेलमध्ये दोन वेगळी चलं म्हणून ठेवा. एकदम फिरल्यासारखं दिसतं ते बहुतेक वेळा ओठावरचं. मनातलं कधीच फिरलेलं असतं.

वागण्यातले संकेत जास्त खरे. स्लॉट बुक करून ऐनवेळी सोडणं. स्लॉटला दहा मिनिटं आधी येणारा आता दहा मिनिटं उशिरा येतो. लांबची ऑर्डर नाकारण्याचं प्रमाण. पेआउटबद्दलची तिकिटं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिकिटं टाकणं अचानक बंद होणं. तक्रार करणाऱ्याला अजून आशा असते.

जाळं कुठून घ्यायचं, तर एकाच स्टोअरबाहेर एकाच वेळी थांबलेले, कोणी कोणाला रेफर केलं, आणि एका खोलीत राहणारे (पत्ता नाही, लॉगिनची पहिली जागा). व्हॉट्सॲप तुमच्या डेटात नाही, पण तिथल्या ग्रुपची मर्यादा २०२२ मध्ये २५६ वरून आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. आठ-दहा स्टोअर एका ग्रुपात मावतात. एका स्टोअरचं बंद शटर बाकीच्यांना पाच मिनिटांत दिसतं. म्हणून स्टोअर स्वतंत्र धरू नका.

दीर्घवृत्त

पूर्वसूचनेबद्दल. शेफर आणि इतरांचा २००९ चा लेख आल्यापासून जो तो ऑटोकोरिलेशन काढतो. कल्पना बरोबर आहे: कडेलोट जवळ आला की धक्क्यातून सावरायला जास्त वेळ लागतो, म्हणून आजचा आकडा कालच्याला जास्त चिकटतो आणि विचरण वाढतं. इथे करायचं तर बुक झालेल्या स्लॉटपैकी किती भरले हे रोजचं प्रमाण घ्या, वाराचा परिणाम काढा, पाऊस आणि मॅचचे दिवस काढा, २८ दिवसांच्या सरकत्या खिडकीत एका दिवसाच्या अंतराचं ऑटोकोरिलेशन आणि विचरण काढा.

पण हे फक्त हळू घसरणाऱ्या परिस्थितीला लागू आहे. पेट्रोल वाढतंय, इन्सेंटिव्हचे टप्पे महिन्यामागून महिना वर सरकताहेत, अशा वेळी संकेत मिळेल. रेट कार्ड एका रात्रीत बदलणं हा धक्का आहे. धक्क्याला पूर्वसूचना नसते, कारण आदल्या दिवशी व्यवस्था कडेपासून लांबच होती. तिथे मुद्दाम ढकलून बघणं हाच मार्ग: मॉडेलमध्ये धक्का द्या आणि कोणती स्टोअर पडतात ते बघा. आणि शेकडो स्टोअरवर हा संकेत लावला तर नुसत्या योगायोगाने डझनभर लाल दिवे लागतील, हेही गृहीत धरा.

मोजपट्टी

उत्तम. मग बांधणी अशी करतो. रोजचा एक टप्पा, पीकच्या तीन तासांपुरते १५ मिनिटांचे उपटप्पे. प्रत्येक एजंटकडे (मॉडेलमधल्या एका रायडरकडे) निव्वळ कमाई अर्धविरामच्या पद्धतीने, गट (जुना, नवा, वीकएंड, भाड्याची ईव्ही), मनातलं मत, ओठावरचं मत, दुसरं ॲप आहे की नाही. प हा लॉगिन संख्येवर अवलंबून. नवीन भरतीला काही दिवस उशीर आणि सुरुवातीला तासाला कमी ऑर्डरी, कारण गल्ल्या माहीत नसतात. दर धक्क्याला ५०० रन (मॉडेल चालवण्याच्या फेऱ्या).

निकाल देताना ५०० रनची सरासरी छापायची नाही. निम्म्या रनमध्ये ९० टक्के उरले आणि निम्म्यात ५, तर सरासरी ४७.५ येते आणि तसं स्टोअर एकाही रनमध्ये नसतं. हिस्टोग्राम आणि "स्टोअर ३० रायडरच्या खाली जाण्याची संभाव्यता" एवढंच.

वाचनमात्र_इतके_दिवस

जाणकारांना एक प्रश्न. पॅरामीटर बसवताना लाइकलिहूड (ते पॅरामीटर धरले तर हाच डेटा दिसण्याची शक्यता) लिहिताच येत नाही, मग काय?

सरासरीताई

अंदाजी बेजियन पद्धत वापरा. पॅरामीटर पूर्वकल्पनेतून काढा, मॉडेल चालवा, सारांश आकडे खऱ्या डेटाच्या जवळ असतील तेच ठेवा. सारांश निवडताना सरासरी गळतीवर अडकू नका. आठवड्याच्या गळतीचं विचरण, सर्वात वाईट दिवशी किती लॉगआऊट, आणि दर परत वाढवल्यावर निम्मे परत यायला किती दिवस, हे तीन घ्या. तिसरा नसेल तर ज आणि मोजपट्टी एकमेकांची भरपाई करत राहतात, हजार जोड्या सारख्याच बसतात. आणि तपासणी वेगळ्या आठवड्यांवर नको, वेगळ्या स्टोअरवर करा, तीही वेगळ्या व्हॉट्सॲप टापूतली.

नाका_तीन

आणि गणपतीचे दहा दिवस दोन्हीकडून वगळून.